मांसासाठीच्या कळपाला वळू निवडताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वळूविषयी विचारणाऱ्यांचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा वजनाचा असतो आणि शेवटचा, तोही निघता निघता, "तपासणी करायलाच हवी का?" हा. इथे क्रम उलटा ठेवला आहे. गाय गाभण राहिली नाही तर वासराच्या वजनाचा हिशेब मांडायची वेळच येत नाही.

वळू बघायला जाण्याआधी काय ठरवावं?

आधी आपल्या गायी बघाव्यात. होणाऱ्या कालवडी तुम्ही कळपात ठेवणार की सगळी वासरं मांसासाठी विकणार, या एका उत्तरावर निम्मी निवड ठरते. सगळी विकणार असाल तर वळूच्या मुलींना दूध किती येईल याच्याशी तुम्हाला देणंघेणं नाही. वाढीचा वेग, मांसाळपणा आणि मांसाची प्रत बघा. कालवडी ठेवणार असाल तर चित्र बदलतं. मुली लवकर माजावर येतील का, स्वतः सहज वितील का, पूर्ण वाढल्यावर त्यांचं अंग किती मोठं होईल आणि तेवढ्या अंगाला पुरेल इतका चारा आपल्याकडे आहे का, हे प्रश्न पुढे येतात. अंगाने मोठी गाय विकताना बरी वाटते, पण ती बारा महिने जास्त खाते. चारा कमी पडला की सगळ्यात आधी तिचा माज लांबतो.

मागच्या वळूच्या वासरांत काय खटकलं ते कागदावर लिहा. दोन-तीनच गोष्टी लिहा. दहा गुण एकाच वळूत शोधायला निघालात तर एकातही धड सुधारणा होत नाही.

एका वळूने कळपात एवढा फरक पडतो?

पडतो. गाय वर्षाला एक वासरू देते, वळू पंचवीस-तीस. शिवाय कालवडी घरच्याच ठेवत असाल तर आजच्या वासराचा अर्धा वंश त्याच्या बापाचा, पाव वंश आईच्या बापाचा आणि आठवा हिस्सा आजीच्या बापाचा. म्हणजे गेल्या तीन वळूंनी मिळून 87.5 टक्के कळप घडवलेला असतो. वळू विकला तरी त्याच्या मुली पुढची आठ-दहा वर्षं गोठ्यात असतात. चूक झाली तर तीही तेवढीच वर्षं असते.

विकणारा म्हणतो, "वीर्य तपासलंय." एवढं पुरे का?

नाही. पूर्ण प्रजनन तपासणीचे तीन भाग असतात आणि वीर्य हा त्यातला एक. पशुवैद्य आधी अंग तपासतो: डोळे, दात, पाय, खुरं, गुदमार्गातून आतल्या ग्रंथी, लिंगावर चामखीळ किंवा जुनी जखम आहे का, पुढच्या टोकाला चिकटून राहिलेली पट्टी आहे का. मग अंडकोषाचा घेर मोजतो. शेवटी वीर्य काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघतो. सर्वत्र वापरात असलेल्या निकषानुसार किमान 30 टक्के शुक्राणू सरळ पुढे जाणारे आणि किमान 70 टक्के आकाराने निर्दोष असावे लागतात.

घेराची किमान मर्यादा वयाप्रमाणे वाढते. पंधरा महिन्यांपर्यंत 30 सेंटीमीटर, अठरा महिन्यांपर्यंत 31, एकवीसपर्यंत 32, दोन वर्षांपर्यंत 33 आणि त्यापुढे 34. दोन वर्षांचा वळू 31 सेंटीमीटरचा असेल तर तो कितीही देखणा असो, सोडून द्या.

तपासणी दर वर्षी करायची, आणि वळू गायींत सोडण्याच्या एक-दोन महिने आधी. मागच्या वर्षी पास झालेला वळू यंदाही पास होईल याची खात्री नसते. मध्ये कडक ताप येऊन गेला, उन्हाचा तडाखा बसला किंवा मार लागला तर वीर्य बिघडतं. शुक्राणू तयार व्हायला सुमारे दोन महिने लागतात, त्यामुळे बिघाड उशिरा दिसतो आणि सुधारणाही उशिरा होते. म्हणूनच नापास झालेल्या तरुण वळूला लगेच कसायाकडे न पाठवता साठेक दिवसांनी पुन्हा तपासतात.

या तपासणीत एक गोष्ट मात्र कळत नाही, ती म्हणजे वळूला इच्छा आहे का. वीर्य उत्तम, पाय उत्तम आणि माजावरच्या गायीकडे ढुंकूनही बघत नाही, असे वळू असतात. त्याला पहिल्या आठवड्यात स्वतःच्या डोळ्यांनी बघण्याखेरीज उपाय नाही. नुसता चढतो हे पुरेसं नाही, गाय नीट भरली जाते का ते बघा. त्यानंतर तीन आठवड्यांनी किती गायी उलटल्या ते मोजा. गायीचं माजाचं चक्र 21 दिवसांचं असल्याने पुन्हा माजावर आलेल्या गायी तेव्हाच दिसतात. निम्म्याहून जास्त उलटल्या तर थांबू नका, वळू बदला आणि मग कारण शोधा.

घेराला एवढं महत्त्व का?

घेर मोठा म्हणजे शुक्राणू बनवणारं मांस जास्त. पण त्यापेक्षा मोठा फायदा मुलींकडून मिळतो. मोठ्या घेराच्या वळूच्या कालवडी साधारणपणे लवकर वयात येतात, आणि हा गुण बऱ्यापैकी वंशाने उतरतो. गाभण राहण्याची क्षमता स्वतः मात्र फार कमी उतरते, त्यामुळे घेर हा तिथे पोचायचा एक आडवाटेचा मार्ग आहे.

घेराबरोबर आकारही बघा. वर मान बारीक आणि खाली भरलेला असा अंडकोष चांगला. अंडकोष शरीरापेक्षा 2 ते 6 अंश सेल्सियस थंड राहिले तरच काम करतात. वरच्या मानेत चरबी साठली की ही थंडाई जाते. विक्रीसाठी खुराक घालून फुगवलेल्या वळूत हाच दोष असतो, आणि तो दुरून भारदस्तपणासारखा दिसतो.

पाय आणि खुरं कशी पारखायची?

उभ्या वळूला बघून पाय कळत नाहीत. त्याला कडक, सपाट जमिनीवर चालवा आणि बाजूने बघा. मागचं खूर पुढच्या खुराच्या ठशात किंवा अगदी जवळ पडलं पाहिजे. पाऊल आखूड पडत असेल तर खांदा किंवा मागचा पाय फार सरळ आहे. मागचे पाय खांबासारखे सरळ असलेला वळू तरुणपणी ताठ, रुबाबदार दिसतो, आणि लोक नेमके त्यालाच भुलतात. गायीवर चढताना सगळं वजन मागच्या पायांवर येतं. सरळ पायात धक्का सोसायला वाकणंच नसतं, सांधे सुजतात आणि ऐन हंगामात वळू बसून राहतो. उलट विळ्यासारखे फार वाकलेले पायही वाईट. दोन्ही टोकं टाळायची.

खुरांच्या दोन नख्या सारख्या असाव्यात. एकमेकींवर कात्रीसारख्या चढणाऱ्या नख्या वंशाने उतरतात. नुकतीच तासलेली खुरं दिसली तर का तासली हे जरूर विचारा. मी स्वतः एकदा तासलेल्या खुरांना फसलो आहे. सहा महिन्यांत नख्या पुन्हा वळल्या आणि पुढे त्याच्या मुलींच्याही वळल्या.

पहिलटकर कालवडींसाठी वेगळा वळू लागतो का?

वेगळा असला तर उत्तम. एकच ठेवायचा असेल तर कालवडींना झेपेल असा निवडा. गाय अडण्याचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे आईच्या कमरेच्या मानाने मोठं वासरू, आणि ही अडचण पहिल्या वेताला सर्वात जास्त येते.

इथे एक घोटाळा वारंवार होतो. वळूच्या नोंदीत जन्मवजनाचा आकडा असतो आणि सुलभ प्रसूतीचाही. सुलभ प्रसूतीच्या आकड्यात जन्मवजन आधीच धरलेलं असतं. दोन्ही चाळण्या लावल्या तर एकाच गोष्टीसाठी दोनदा दंड भरल्यासारखं होतं आणि वाढीचे चांगले वळू हातचे जातात. फक्त सुलभ प्रसूती बघा.

त्यातही दोन आकडे असतात. एक सांगतो, या वळूची वासरं सहज जन्मतील का. दुसरा सांगतो, त्याच्या मुली स्वतः सहज वितील का. कालवडी ठेवणाऱ्याने दुसरा विसरू नये. जन्मवजन कमी, अजून कमी करत गेलं तर पुढे अंगानेच बारीक, अरुंद कमरेच्या मुली हाती लागू शकतात.

आणि सगळा दोष वळूच्या माथी मारू नका. कालवड भरवताना पूर्ण वाढीच्या वजनाच्या साधारण 60 ते 65 टक्के झालेली असावी. खुरटी कालवड कुठल्याही वळूला अडेल.

ईपीडी, ईबीव्ही हे आकडे कसे वाचायचे?

ईपीडी म्हणजे त्या वळूच्या संततीत सरासरी किती फरक अपेक्षित आहे त्याचा अंदाज. तो एकट्याने काहीच सांगत नाही, दोन वळूंची तुलना करतानाच त्याला अर्थ येतो. दूध तोडतानाच्या वजनाला एकाचा ईपीडी अधिक 25 किलो आणि दुसऱ्याचा अधिक 15 किलो असेल, तर सारख्याच गायींवर पहिल्याची वासरं सरासरी 10 किलोने जड भरतील अशी अपेक्षा. ईबीव्ही हा वळूच्या स्वतःच्या आनुवंशिक मूल्याचा अंदाज असतो. त्यातला निम्माच हिस्सा वासरात जातो, म्हणून ईबीव्हीमधला फरक निम्मा करून वाचायचा. काही देश एक पद्धत वापरतात, काही दुसरी. आयात वीर्यकांडीचा तक्ता वाचताना हे लक्षात नसलं की अपेक्षा दुप्पट होते.

आकड्याशेजारी अचूकता दिलेली असते. ज्याची अजून वासरंच नाहीत अशा तरुण वळूची अचूकता कमी असते. त्याचा आकडा खोटा नसतो, पण हलू शकतो. जनुकीय चाचणी केली असेल तर बराच स्थिर होतो. म्हणून एकाच तरुण वळूवर सगळा कळप सोपवण्यापेक्षा दोन-तीन असलेले बरे.

वेगवेगळ्या जातींचे आकडे सरळ शेजारी ठेवून तुलना करू नका. प्रत्येक जातीचा शून्य वेगळा असतो. अमेरिकेत क्ले सेंटर इथल्या संशोधन केंद्राच्या माहितीवर आधारलेले जातीजातींमधले दुरुस्ती आकडे निघतात, त्यांच्याशिवाय अँगसचा आकडा शारोलेच्या आकड्याला लावणं फसवं आहे.

माझं मत विचाराल तर यादीतल्या सर्वात वरच्या आकड्यामागे लागू नये. वाढीत पहिला आलेला वळू बहुधा अंगानेही सगळ्यात मोठ्या मुली देतो.

आकडेच नसतील, फक्त वजनाची वही असेल तर?

तरी बरंच करता येतं. फक्त कच्चं वजन बघू नका, वय सारखं करून घ्या. दूध तोडतानाचं वजन 205 दिवसांवर आणतात. वजनातून जन्मवजन वजा करा, वयाच्या दिवसांनी भागा, 205 ने गुणा, जन्मवजन परत मिळवा.

समजा एक गोऱ्हा 220 दिवसांचा, 250 किलो, जन्मवजन 36. दुसरा 195 दिवसांचा, 238 किलो, जन्मवजन 34. बाजारात पहिला जड दिसेल. हिशेब केला की पहिला 235 किलोवर येतो आणि दुसरा 248 वर. धाकटा सरस निघाला. पहिल्या वेताच्या गाईचं दूध कमी असतं, त्यामुळे तिच्या वासराला थोडी सूट द्यावी लागते. आणि तुलना एकाच गटात करायची: त्याच हंगामात जन्मलेले, एकाच कुरणावर, सारख्या खुराकावर वाढलेले. एकटाच वाढवलेला, वेगळं खाऊ घातलेला गोऱ्हा कुणापेक्षा सरस आहे हे ठरवायला कुणी उरतच नाही.

जात कोणती घ्यावी?

गायींकडे जे कमी आहे ते ज्या जातीत आहे ती. अँगसला शिंगं नसतात, ती लवकर वयात येते आणि मांसात चरबीची नक्षी चांगली धरते. हेरफर्ड काटक आणि कुरणावर तग धरणारी. शारोले, लिमोझिन वाढ आणि मांसासाठी, सिमेंटल वाढीबरोबर दुधासाठी. बेल्जियन ब्लूमध्ये स्नायू दुप्पट करणारा जनुकीय बदल आहे. मांस भरपूर, पण शुद्ध वंशाच्या गायी वारंवार अडतात आणि पोट फाडून वासरू काढणं नेहमीचं होऊन बसतं. उष्ण, गोचिडांच्या प्रदेशात वशिंडाच्या गुरांचं रक्त लागतंच. ब्राह्मन ही जात अमेरिकेत घडली ती गीर, कांकरेज, ओंगोल आणि कृष्णाकाठच्या भारतीय गुरांपासून. असा वळू घेताना दोन गोष्टी ध्यानात ठेवा: तो उशिरा वयात येतो, आणि बेंबीखालची लोंबती कातडी झुडपांत फाटून जखमा होतात. ती जितकी आटोपशीर तितकी बरी.

जातीच्या अभिमानापेक्षा संकराचा फायदा मोठा आहे. गाभण राहणं, जगणं, टिकणं हे गुण निवडीने फार हळू सुधारतात, तेच संकराने लगेच सुधारतात. संकरित गायीला तिसऱ्या जातीचा वळू दिला तर आयुष्यभरात तिने दिलेल्या वासरांचं एकूण वजन शुद्ध गायीच्या तुलनेत पाचवा ते पाव हिस्सा जास्त भरू शकतं.

बिनशिंगी वळूची सगळी वासरं बिनशिंगी होतात का?

त्याच्याकडे बिनशिंगीपणाचे दोन्ही जनुक असतील तर हो, कारण हा गुण शिंगांवर भारी पडतो. एकच असेल आणि गाय शिंगांची असेल तर निम्मी. रक्ताच्या किंवा केसांच्या चाचणीत कळतं.

किती गायींना एक वळू पुरतो?

ढोबळ नियम असा की तरुण वळूला त्याच्या वयाच्या महिन्यांइतक्या गायी: पंधरा महिन्यांचा असेल तर पंधरा. पूर्ण वाढलेल्याला 25 ते 30. कुरण सपाट आणि लहान असेल तर थोड्या जास्त चालतील, डोंगराळ आणि विस्तीर्ण असेल तर कमी.

दोन-तीन वळू एकत्र सोडलेत तर गायी वाटून घेतील असं समजू नका. म्होरक्या वळू बहुतेक गायी स्वतः भरतो आणि बाकीच्यांना हुसकावतो. तोच नापीक निघाला तर कळपात तीन वळू असूनही गायी रिकाम्या. एकत्र सोडायचेच असतील तर सारख्या वयाचे आणि हंगामाआधी एकमेकांच्या सवयीचे झालेले सोडा. म्हाताऱ्याबरोबर पोरसवदा सोडू नका, मार खातो.

महाग वळू परवडतो का?

किंमतीत पोसण्याचा खर्च मिळवा, शेवटी विकून येतील ते पैसे वजा करा आणि जन्मलेल्या वासरांनी भागा. चार वर्षं चालून शंभर वासरं देणारा आणि पहिल्याच हंगामात लंगडून पंचवीसवर थांबलेला यांची किंमत एकच असली तरी दुसऱ्याच्या प्रत्येक वासरावर खरेदीचा बोजा चौपट पडतो.

शेजाऱ्याचा वळू हंगामापुरता आणला तर?

आणू नका. निदान म्हातारा तरी नको. ट्रायकोमोनास आणि कॅम्पायलोबॅक्टर हे दोन संसर्ग समागमातून पसरतात. वळूला काहीच होत नाही, तो धडधाकट दिसतो. गायी मात्र लवकरच गाभ टाकतात आणि वेडेवाकडे दिवस मोजून पुन्हा माजावर येतात. वय वाढतं तशा वळूच्या लिंगावरच्या कातडीतल्या सूक्ष्म घड्या खोल होतात आणि जंतू तिथे घर करतात. म्हणून ज्याने अजून एकही गाय भरलेली नाही असा वळू सर्वात सुरक्षित.

विकत आणलेल्यालाही महिनाभर वेगळा ठेवा. ब्रुसेला (गाभ पाडणारा जंतू), क्षय, जोन्स रोग (आतड्याचा जुनाट रोग) आणि बीव्हीडी (गुरांचा विषाणूजन्य हगवणीचा रोग) यांची तपासणी या काळात करून घ्या. बीव्हीडीचा विषाणू जन्मापासून अंगात बाळगणारा एक वळू सगळ्या गाभण गायींना लागण द्यायला पुरतो.

स्वतःच्या मुलींवर वळू गेला तर काय बिघडतं?

बाप-मुलीच्या वासराचा अंतःप्रजनन गुणांक 25 टक्के येतो. वाढ, जगण्याची ताकद, प्रजनन सगळंच थोडं थोडं खाली येतं, आणि लपलेले दोष वर येतात. 2008 साली अमेरिकेतल्या अँगस गुरांत वाकड्या, आखडलेल्या पायांची मेलेली वासरं जन्मण्यामागे एका लोकप्रिय वंशातून पसरलेला असाच दोष निघाला. एकच जनुक बाळगणारा वळू स्वतः निरोगी दिसतो. दोन वाहक जुळले की चारात एक वासरू बाधित होण्याची शक्यता. आता अशा अनेक दोषांची चाचणी होते, खरेदीआधी निकाल मागा.

स्वभाव बघायला वेळ कुठे असतो?

पाच मिनिटं पुरतात. एकट्याला वाड्यात सोडा. जो भिंतीवर आदळतो, मान वर करून तुमच्याकडे रोखून बघतो, खोड्यातून सुटताच भरधाव पळतो, तो घेऊ नका. तापट स्वभाव वंशाने बऱ्यापैकी उतरतो. आणि शांत वळूकडेही पाठ करून उभं राहू नये. हातावर वाढलेला, माणसाला न भिणारा वळू मोठा झाल्यावर जास्त धोक्याचा असतो.

कृत्रिम रेतन केलं तर वळूच नको ना?

कुरणावर मोकळ्या कळपात रोज माज ओळखणं जिकिरीचं असतं. पहिलं रेतन करून उरलेल्या गायींसाठी वळू सोडतात. त्यालाही सगळ्या चाळण्या तितक्याच कडक लावा, कारण बरीच वासरं त्याचीच असतील.

घरी आणल्यावर काय करायचं?

विक्रीआधी भरपूर धान्य खाल्लेल्या वळूचा खुराक एकदम तोडू नका, काही आठवडे हळूहळू कमी करा. एक वर्षाचा वळू दिवसाला 700 ते 900 ग्रॅम वाढत राहिला पाहिजे. गायींत सोडताना 1 (हाडकुळा) ते 9 (लठ्ठ) च्या मोजपट्टीवर अंगलट 6 च्या आसपास असावी, कारण हंगामात तरुण वळू 50 ते 100 किलोही उतरतो. साठ दिवसांनी बाहेर काढा, त्याला खाऊ घाला. तरुण वळू पहिल्याच हंगामात महिनोन्‌महिने गायींत राहिला तर त्याची वाढ खुंटते, आणि वासरं वर्षभर विखरून जन्मतात ती वेगळीच.

वळू कधी काढायचा?

तपासणीत दुसऱ्यांदा नापास झाला, लंगडायला लागला किंवा माणसावर आला, तर त्याच आठवड्यात. यातलं काहीच नसेल तर त्याच्या पहिल्या मुली भरायच्या वयाच्या होईपर्यंत, म्हणजे साधारण तिसऱ्या हंगामाच्या सुरुवातीला. तेव्हा एकतर मुलींचा वेगळा गट करा, नाहीतर नवा वळू बघायला निघा, मागच्या वेळी लिहिलेला तो कागद खिशात घेऊन.